सात नंबरच्या बोअरचे पाणी

शुक्रवार, १४ मार्च, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवताना.

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. तुमची कंबर आणि ताईचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे. मी खुशाल आहे (वजन दोन किलोंनी घटले, पण ते काळजीने).

तुमच्या शब्दावर मिळालेली नोकरी मी जिवापाड सांभाळतो. इथल्या बंद कारखान्याखाली यंत्रांचे भाग धुण्याचे क्लोरीनवाले द्रावण मुरले आहे. ते फोडायला आम्ही बोअरमधून जांभळे औषध सोडतो आणि दर महिन्याला पाणी तपासतो. सात नंबरच्या बोअरच्या तोंडाशी त्या औषधाचे डाग पडत. मला डाग बघवत नाहीत (आईचे वळण), म्हणून रोज संध्याकाळी पाण्याची नळी लावून मी तो बोअर चकाचक करत असे. झाकण काढून, आतूनसुद्धा.

महिन्याभरात सात नंबरमधले द्रावण निम्म्यावर आले. साहेब इतके खूश, की मागच्या वस्तीचे बंद ठेवलेले नळ उद्या उघडायचे ठरवून मोकळे झाले. तेवढ्यात समस्थानिकांचा अहवाल आला. केमिस्टबाईंनी मला समजावले, "हे बघ, कार्बन हलका असतो तसा जडही असतो. औषध हलकेवाले कण आधी फोडतं, म्हणून उरलेल्यात जड वाढत जातो. बाकी सहा बोअरमध्ये वाढलाय, सातमध्ये तसूभर नाही. म्हणजे फुटलं काहीच नाही, नुसतं पातळ झालंय. दूधवाला करतो तसं!" साहेब म्हणाले, "यंत्राला सर्दी झाली असेल. नळ उघडा."

भाऊजी, दूधवाला मीच.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळे कबूल केले. त्यांनी माझी पाठ थोपटली, "असा माणूस शंभरात एक" म्हणाले आणि बसायला स्वतःची खुर्ची दिली. ताईला हे जरूर वाचून दाखवा.

तुमचा आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. साहेबांच्या खोलीत जाणे अजून व्हायचे आहे. ते दहाला येतात. पत्र नमुने नेणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतो आहे, तो तुमच्या दारावरूनच जातो. कृपया साडेनऊला फोन करून साहेबांना हे सगळे तुम्हीच सांगावे. पाठ थोपटून घ्यायला मी हजर राहीन.

ता. क. दुसरा. केमिस्टबाई कधीपासून माझ्या मागे उभ्या राहून वाचत होत्या. म्हणाल्या, "तुझी नळी मी मंगळवारीच पाहिली. नळ उघडणं मी कालच थांबवून घेतलंय. तू कधी तोंड उघडतोस, तेवढंच बघत होते." साहेबही आज लवकर आले आहेत. फोन करू नका, मी निघालो. वरचा मजकूर पाच मिनिटांत खरा होईल. खुर्चीचे तेवढे सांगता येत नाही.