गाडीचा मान

प्रकाशे, तालुका शहादे
जून १९६३

प्रिय रंजन,

माझ्या हातचं पत्र आलं की कोणीतरी गेलं किंवा कोणाचं तरी लग्न ठरलं, असं तुझी आई म्हणते. तसं काही नाही. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो आणि तोंड चालतं, दोन्ही पूर्वीसारखंच. केळीला यंदा पाणी पुरलं नाही, निम्मी बाग वाळली. पत्र टपालात न टाकता सुपडूमामाच्या हाती देतोय, कारण तुमच्याकडचं टपाल आधी तुझे सासरे उघडतात आणि ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवतात. हे त्यांच्या हाती पडू नये असं मला वाटतं. तू एकटी असशील तेव्हा वाच.

लिहायचं आहे ते तुझ्या लग्नाच्या मोटरीबद्दल. वर्ष उलटलं, पण त्या संध्याकाळी काय झालं हे तुला कोणी धड सांगितलं नसेल. म्हसावदच्या अलीकडच्या वळणावर मोटर बाभळीला जाऊन धडकली, तेव्हा बायकांनी तुला बाहेर काढलं, पदर तोंडावर ओढला आणि मागून येणाऱ्या बैलगाडीत बसवून पुढे पाठवून दिलं. नवरीने मेलेल्याचं तोंड बघू नये म्हणून. मेला तो वाहरू. भिल्ल माणूस, म्हसावदच्या बाजारातून मीठ-मिरची घेऊन कडेकडेने आपल्या पाड्यावर चालला होता, तो मोटरखाली सापडला. मोटर चालवणारा जालमसिंग म्हणतो, शेळी आडवी आली म्हणून मी चाक वळवलं. ती शेळी दुसऱ्या कोणीच पाहिली नाही. मला निरोप मिळाला तेव्हा मी मांडवाचे बांबू सोडवत होतो, आणि पोरगी सुखरूप आहे एवढंच ऐकून पुन्हा बांबू सोडवायला लागलो. त्याची मला अजून लाज वाटते.

मोटर शहाद्याच्या भीकमचंदशेठची, हे तुला माहीत आहे. आमचा कापूस सरकी काढायला त्याच्या जिनात जायचा, तेवढ्यावरून जडलेली दोस्ती. तुमची मुलगी ती माझीच मुलगी, असं म्हणून त्याने आपणहून मोटर दिली, ड्रायव्हर दिला, आणि मी पेट्रोलाचं नाव काढलं तर रागावला. पण नवरी ज्या गाडीतून जाते त्या गाडीचा मान करायचा, ही आपली रीत. बैलगाडी असती तर बैलांच्या शिंगांना कुंकू लावलं असतं. मोटरला शिंगं नाहीत म्हणून तुझ्या आईने पुढच्या दोन्ही दिव्यांना लावलं, आणि सगळी वऱ्हाडी मंडळी हसली. मग मी जालमसिंगला उपरणं दिलं आणि नारळावर नोटा ठेवून तो नारळ त्याच्या हातात दिला. आतल्या सीटवर तू रडत बसली होतीस, तरी काचेतून तू ते पाहिलंस. आपली नजरानजर झाली होती.

मोटरीचा विमा होता. मोटरखाली माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना विमा कंपनीने भरपाई द्यायची, असा कायदाच आहे म्हणे. वाहरूची बायको कमलीबाई हिने धुळ्याच्या कोर्टात अर्ज केला. अर्ज केला म्हणजे म्हसावदच्या एका मास्तरांनी लिहिला आणि तिने अंगठा दिला. तिला दोन लहान मुली आहेत. काम सरळ होतं, मिळाले असते पैसे. पण कंपनीने चौकशीला एक माणूस पाठवला. तरुण होता, गोड बोलणारा. आपल्या ओट्यावर बसून चहा प्यायला, केळी खाल्ली, तुझ्या आईच्या हातच्या शेवेचं कौतुक केलं. शेवटी उठता उठता त्याने विचारलं, मग आबा, एवढी शेठची मोटर तुम्ही फुकटच नेलीत का हो?

फुकट. रंजन, तुला तुझा बाप माहीत आहे. शेजारी दहा माणसं बसलेली. मी म्हणालो, फुकट नेणारे आम्ही नाही, माझी मुलगी फुकटच्या गाडीतून गेली नाही, भर मांडवात पैसे मोजून दिलेत, विचारा कोणालाही. त्याने ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि मी छाती पुढे काढून सही केली. घरच्या मोटरीच्या विम्यात ती भाड्याने चालवायची नाही अशी अट असते. पैसे दिले म्हणजे भाडं झालं, आणि भाडं झालं म्हणजे कंपनी मोकळी, भरपाई मोटरीच्या मालकाने भरायची. तुझी आई आतून सगळं ऐकत होती. तो माणूस गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमले कोनी सांगेल व्हतं बोलाले?"

मी धुळ्याला जाऊन एका वकिलाला समजावलं की ते भाडं नव्हतं, मान होता. तो हसला. म्हणाला, कोर्ट दोनच गोष्टी विचारतं, दिले की नाही दिले. जबाब बदलू का म्हटलं, तर म्हणाला, आता बदललात तर शेठने तुम्हाला फोडलं असंच सगळे म्हणतील. इकडे शेठचा जिन गेल्या दिवाळीपासून बंद आहे, दुकानात माल नाही. कोर्टाने उद्या त्याच्यावर हुकूम काढला तरी त्याच्याकडून निघणार काय? मी त्याच्यासमोर जाऊन बसलो तर म्हणाला, "गिरधरभाई, तुम्ही जे खरं तेच बोलनात, तुमले काय म्हनू?" त्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कमलीबाई बाजाराच्या दिवशी शेठच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. आधी शेठ तिला धान्य द्यायचा. आता त्याच्या वकिलाने तेही बंद केलंय, काही दिलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल म्हणे. मी ज्वारीचं पोतं घेऊन तिच्या पाड्यावर गेलो होतो. कंपनीने कागदात लिहिलंय की वाहरू पिऊन रस्त्याच्या मधून चालत होता. ते तिला कोणीतरी सांगितलंय. ज्वारीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आपल्याशी बोलायचं म्हणून बाजारातल्या बोलीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "तो पियेल नही व्हता, बापा." मी हो म्हणालो. पुन्हा तेच म्हणाली. मी पोतं तिथेच ठेवून निघालो. बेटा, आजपर्यंत मी कोणाचं अन्न तोडलं नव्हतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. नोकरी जाईल या भीतीने जालमसिंगने सांगितलंय की मला कोणी काही दिलं नाही. मी सांगितलंय दिलं. वऱ्हाडातले बाकी सगळे ऐनवेळी जेवत होते, निदान आता तरी तसंच म्हणतात. म्हणून कोर्टाने तुला बोलावलंय. समन्स चार-सहा दिवसांत तुझ्या सासरी येईल. जज्जसाहेब विचारतील, नारळ-पैसे देताना पाहिलंस का. खोटं बोलायला मी तुला कधी शिकवलं नाही आणि शपथेवर तर नाहीच. त्याचं पाप माझ्या माथी राहू दे, पण या वेळी माझं ऐक. सांग की माझ्या बापाने काही दिलं नाही. ते विचारतील, मग तुझे वडील का म्हणतात दिलं? तर सांग, त्यांना चारचौघांत मोठेपणा मिरवायची सवय आहे. तुझे सासरे आणि सासूबाई तिथे बाकावर बसलेले असतील. तुझ्या बापाने काय दिलं आणि काय नाही, हे तुला त्या घरात कसं ऐकावं लागतं ते मला ठाऊक आहे, आणि यापुढे जन्मभर ऐकावं लागेल तेही ठाऊक आहे. तरी मागतोय. मी समोरच बसलेला असेन. फक्त बोलताना माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर तुझ्याच्याने बोलवणार नाही.

तुझाच,
आबा