जाळीवर चढल्याबद्दल

२ फेब्रुवारी, रविवार
घसा बसलाय. दुपारची मॅच माझ्याकडं होती. शेवटाकडं हिरव्या टीमच्या एका पोरानं हेडर मारला, बॉल जाळ्यात, आणि हा जर्सी काढून डोक्यावर गरागरा फिरवत पळाला. तिकडं लाइनमनचा झेंडा वर. ऑफसाइड. गोल रद्द. पण जर्सी काढली ती काढलीच, म्हणून पिवळं कार्ड. पोरगा उघडाच माझ्यासमोर उभा.
"सर, गोल बी न्हाय आन् वर कार्ड? ह्यो कुठला न्याय?"
रेफ्री बाई असली तरी सगळ्यांच्या तोंडात 'सर'च बसलंय. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. नियम सांगितला. गोल रद्द झाला तरी कार्ड राहतं. स्टेडियम खदाखदा हसत होतं आणि त्याच्या डोळ्यात पाणी.
घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. पूर्वीचे अब्बा असते तर मांडीवर थाप मारून हसले असते. दिवाळीत झटका आला त्याला आता तीन महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऐकतात सगळं, समजतं सगळं. बघत राहिले. मी पुढं काय बोलणार म्हणून थांबल्यासारखे.

५ फेब्रुवारी, बुधवार
शाळेतले तास संपवून आले तर संकेत अब्बांच्या पायाशी बसलेला. पाय चोळत होता. हा अब्बांच्या हाताखाली शिकलेला पोरगा. अब्बा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि पहाटे मैदानावर फुटबॉल. इथं फुटबॉलच्या टीमा तालमींच्याच, पण पोरगा कुठल्या पेठेचा, कुठल्या तालमीचा, अब्बा विचारायचे नाहीत. संकेत आठ वर्षांचा असताना कळंब्यातून सायकलवर यायचा. आता लालवाल्यांचा फॉरवर्ड. आठवड्यातून एकदा येतोच.
"मॅडम, सरांना सेमीला आणा की." मैदानाबाहेर मी मॅडम, सर म्हणजे फक्त अब्बा.
अम्मी आतून: "एवढ्या गर्दीत? धक्का लागला म्हणजे?"
"खाली कुंपणाच्या जाळीच्या कडंला खुर्ची टाकतो काकी. चार पोरं उभी करतो भवतीनं."
अब्बा काही बोलले नाहीत. म्हणजे बोलता येतच नाही. पण संकेतकडं बघत होते. दिवाळीपासून कुणाकडं असं बघितलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सलीमनं अब्बांची दाढी केली. आरसा पुढं धरला तर अब्बांनी तोंड फिरवलं. नेहमीचंच. सलीम माझा नवरा आहे की त्यांचा मुलगा, कधी कधी कळत नाही. त्यांच्या गालाला क्रीम लावताना स्वतःचे गाल फुगवतो.
सेमीची ड्यूटी माझ्याकडंच आली. लालवाले आणि हिरवे. अब्बांना न्यायचं की नाही? सलीम म्हणतो न्यायचं. अम्मी म्हणते, तू मैदानात असणार, इकडं काही झालं तर? खरं आहे. मैदानात गेल्यावर मी कुणाची मुलगी नसते.

१६ फेब्रुवारी, रविवार
अजून मैदानावरच आहे. तरी लिहिते.
प्रेक्षकांच्या पायऱ्या गच्च. अब्बांची खुर्ची जाळीच्या पलीकडं, अगदी खाली. सलीम, अम्मी शेजारी. मी एकदाच बघितलं, मग नाही बघितलं.
मॅच कडक. १-१. पहिल्या हाफमध्ये संकेतनं हिरव्यांच्या हाफबॅकला मागून पाडलं. पिवळं. त्यानं मान हलवली, गेला. मॅच संपत आली होती. कॉर्नर, गोंधळ, बॉल सुटून बाहेर आला आणि संकेतनं डाव्या पायानं असा मारला की गोलकीपर हललाच नाही.
मग तो पळाला. टीमकडं नाही, कोपऱ्यातल्या झेंड्याकडं नाही. सरळ अब्बांकडं. मला तेव्हाच कळलं. मनात म्हणत होते, थांब, थांब, जाळीपाशी थांब. तो चढला. पलीकडं उडी. खाली बसून त्यानं अब्बांचा उजवा हात, तो मेलेला हात, दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.
मागून सगळ्या पायऱ्या खाली लोटल्या. मागं एका सीझनला अशीच जाळी वाकली होती, एकाचा पाय मोडला होता. पोलीस पळाले. सलीमनं अम्मीला कवेत घेतलेलं दिसलं. कुणाला काही झालं नाही. आज नाही झालं.
संकेत परत आत आला. मी खिशात हात घातला. त्याला माहीत होतं. माझ्याकडं बघून हसला.
दुसरं पिवळं. मग लाल.
लाल टीम जिंकली. संकेत फायनलला नाही.
शिव्या लई पडल्या. ते चालतंय.

१६, नंतर
हे वेगळं लिहायला पाहिजे.
घरी आले तर अम्मी दारातच. रडते की हसते कळेना. "बोले! अब्बा बोले तेरे!"
संकेतनं हात डोक्यावर ठेवला तेव्हा अब्बा बोलले. "गोल." स्वच्छ. सलीमनं ऐकलं, अम्मीनं ऐकलं, खुर्चीभोवतीच्या पोरांनी ऐकलं.
मी तेव्हा काय करत होते? शिट्टी तोंडात होती. वहीत त्याच्या नंबराखाली कारण लिहीत होते. जाळीवर चढल्याबद्दल.
अब्बांच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, अब्बा, म्हणा की परत. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. "गोल," म्हणाले.
मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. लहानपणी शाळेत जायच्या आधी ठेवायचे तसं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
अब्बांना आता सगळंच गोल. पाणी पाहिजे, गोल. चहा कमी गोड झाला, गोल (हा जरा रागात). अम्मीला हाक मारायची तरी गोल. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एकच शब्द सापडतो आणि तोच सगळीकडं वापरला जातो, पण सापडला हे चांगलं. सलीमनं आवाजावरून ओळखायला सुरुवात केली आहे. "हा गोल म्हणजे पंखा बंद कर." बरोबर निघालं. अब्बा अर्ध्या तोंडानं हसले.

संध्याकाळी लालवाल्यांच्या तालमीचे तिघं आले. म्हातारे, अब्बांच्या ओळखीचे. चप्पल बाहेर काढून बसले. अम्मीनं चहा दिला. त्यातले अण्णा, सगळ्यात थोरले, सरळ मुद्द्यावर.
"पोरी, तुझ्या बापासाठनं चढला त्यो. तूच त्याला भायेर काढलास व्हय?"
"अण्णा, बापासाठी चढला म्हणून सोडला असता, तर हिरव्यांनी काय म्हटलं असतं?"
"त्यांचं ऱ्हाऊ दे. रिपोर्टात एवढंच लिही, गर्दीनं ओढला म्हनून गेला."
"तो स्वतः चढला. सगळ्या गावानं बघितलंय."
"नियम काय देवानं केल्यात?"
तेवढ्यात अब्बा म्हणाले, "गोल." अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी अब्बांचा आवाज दिवाळीनंतर पहिल्यांदाच ऐकला. पुढं नियमाचं कुणी बोललंच नाही. जाताना अण्णांनी अब्बांचं पांघरूण नीट केलं. माझ्याशी न बोलता गेले.

१९ फेब्रुवारी, बुधवार
रिपोर्ट पाठवला. जे झालं ते लिहिलं. शेवटी एक ओळ घातली: खेळाडूचा हेतू कुणाला चिथावण्याचा नव्हता. त्यानं काही बदलत नाही, माहीत आहे. दोन पिवळी म्हणजे पुढची मॅच बंद.
शिवजयंतीच्या कार्यक्रमानंतर स्टाफरूममध्ये तेच. एक म्हणाले, आनंदाला कार्ड देणं म्हणजे लग्नात हसल्याबद्दल दंड. दुसरे म्हणाले, तुम्ही आनंद बघता, आम्ही मागच्या साली झालेली दगडफेक बघतो. समोरच्या तालमीपुढं जाऊन नाचलं की काय होतं ते त्यांनी जवळून बघितलंय. दोघंही बरोबर. 

२० फेब्रुवारी, गुरुवार
संकेत आला. मी दार उघडलं. तोच म्हणाला, "मॅडम, कार्ड बरोबर हुतं."
"मग का चढलास? तुझं एक पिवळं झालेलं होतं. फायनल होती पुढं."
"तवा कुठं एवढं डोस्क्यात येतंय." मग चप्पल काढत, "आलं असतं तरी चढलोच असतो."
"आणि जाळी पडली असती तर? अब्बाच खाली होते."
हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. चेहरा पांढराफटक. आत जाऊन अब्बांच्या पायाशी बसला. मलाच वाईट वाटलं. एवढं बोलायला नको होतं. पण खरं होतं ना.
अब्बांनी डाव्या हातानं त्याचे केस विस्कटले. "गोल," म्हणाले. संकेत हुंदके देऊन रडला. चोवीस वर्षांचा घोडा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
स्पर्धेच्या कमिटीचा फोन आला. फायनल मलाच. विचारलं, लालवाल्यांनी हरकत घेतली नाही? "घेतली हुती की. संकेतनं मागं घ्यायला लावली. म्हनला, त्या नसतील तर मी तालीम सोडतो."
सलीमला सांगितलं. तो म्हणाला, "तू नको म्हण. आजारी आहे म्हण." मी त्याचं ऐकलं नाही. मग माझी किट त्यानंच इस्त्रीला घेतली.

२३ फेब्रुवारी, रविवार
फायनल. लाल विरुद्ध पांढरे. संकेत साध्या कपड्यात, अब्बांच्या खुर्चीशेजारी. यावेळी खुर्ची जाळीपासून मागं, जिन्याजवळ. त्यानंच ठेवली.
लालवाल्यांना त्याच्याशिवाय पुढं कुणी नव्हतं. दोनदा मोकळा गोल चुकला. पायऱ्यांवरनं माझ्या नावानं ओरड सुरूच. मग दुसऱ्या हाफमध्ये पांढऱ्यांच्या एका नव्या पोरानं तीन जणांना चकवून गोल घातला. अठरा वर्षांचा असेल. नुकतं मिसरूड फुटलेलं. फायनलमधला पहिला गोल. तो पळाला, जर्सी धरून वर ओढली, हनुवटीपर्यंत आली, आणि त्याला मी दिसले.
थांबला. जर्सी खाली ओढली, नीट केली, अगदी चड्डीत खोचली. आणि चालत सेंटरकडं आला. मान खाली. टीममधली पोरं अंगावर पडली तरी हा ताठ. माझ्यासमोरून जाताना म्हणाला, "सॉरी सर."
त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं काही केलंच नव्हतं.
१-० संपलं. पांढरे जिंकले. कप दिला, फटाके, गुलाल. त्या पोराला उचललं तेव्हा तो हसला, पण गोल झाला त्या क्षणाचं हसू ते नव्हतं. ते कुठं गेलं? संकेतला लाल कार्ड दाखवताना मी अडखळले नव्हते. आज कार्ड खिशातनं काढलंच नाही आणि अजून बरं वाटत नाही.
बाहेर गेटपाशी संकेत अब्बांना उचलून रिक्षात बसवत होता. हरलेल्या टीमचा माणूस, डोळे सुजलेले. "हळू सर, डोस्कं सांभाळा," म्हणत होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार
सगळ्या रेफ्रींना कमिटीचा मेसेज. रविवारी बैठक. विषय: गोल झाल्यावर खेळाडूनं जर्सी काढली, जाळीवर चढला, तर आपल्या स्पर्धेत कार्ड द्यायचं की तोंडी समज देऊन सोडायचं, प्रत्येकानं मत मांडायचं. नियमाच्या पुस्तकापुढं आमच्या मताला किंमत किती, ते वेगळं. पण मांडायचं.
माझं मत काय?
समज देऊन सोडावं, लिहिलं. खोडलं. जाळी वाकली तेव्हा खाली सापडलेल्या माणसाचा आवाज मी ऐकलाय. कार्ड द्यावं, लिहिलं. तेही खोडलं. हनुवटीशी जर्सी धरून थांबलेलं ते पोरगं.
सलीम म्हणाला, जर्सीला सोड, जाळीला धर. सोपं आहे. म्हटलं, मग संकेत? तो उठून अब्बांची औषधं काढायला लागला.

१ मार्च, शनिवार
उद्या बैठक. चंद्र दिसला तर उद्याच पहिला रोजा. अम्मी सकाळपासून स्वयंपाकघरात. अब्बांना यंदा रोजे नाहीत, डॉक्टरांनी मना केलंय. त्यांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही.
अब्बांना नवे शब्द येत आहेत. काल "चहा" आला. आज सकाळी सलीमला "ये" म्हणाले. माझं नाव अजून नाही.
दुपारी त्यांच्यापाशी बसले. शिट्टी त्यांनीच माझ्या गळ्यात घातली होती, माझं फुटबॉल खेळणं संपलं तेव्हा. म्हटलं, अब्बा, उद्या मला बोलायचं आहे. तुम्ही सांगाल तेच बोलते. एवढा आनंद झाला की माणूस नियम विसरतो, त्याला कार्ड द्यायचं का नाही द्यायचं?
त्यांनी ऐकलं. डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग डावा हात हळूहळू वर आला, खांद्याच्या वर, बोटं उघडी.
"कार्ड?" मी विचारलं. "की जाऊ दे म्हणताय?"
अम्मी दारातून म्हणाली, "अगं, पाणी मागतायत ते."
पाणी दिलं. घोट घोट सगळं प्याले. हात तसाच वर होता.