सातवीचा इतिहास, शेवटाकडून

१७ जून
शाळा सुरू. वर्गात चुन्याचा वास, फळ्यावर मे महिन्याची धूळ. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही वर्गांचा इतिहास यंदाही माझ्याकडेच.

सातवीत सारिका नावाची मुलगी नव्याने आली, आई सोडायला आलेली. चेहरा कुठेतरी पाहिलेला. "बाई, वळकलं न्हाई का? मी मंगल. तुमी नव्या आलतात ना शाळेवर, तवाच्या सातवीतली." मग ओळखलं. खिडकीपाशी बसायची, दोन वेण्या. आता कडेवर एक पोरगं, गणू, माझ्या चष्म्याकडे हात करणारं.

जाता जाता दारातून वळली. "बाई, एक इचारू? आमी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलतो, तवा तुमी राज्याभिषेक शिकवत व्हतात. सिंहासन तयार झालं, नद्यांचं पाणी आणलं. पुढं काय झालं?"

मी म्हटलं, टीव्हीवर पाहिलं असशील की.

"तुकडे तुकडे. त्यात बी कोणतं आधी, कोणतं नंतर, काय समजत न्हाई. फडावर पाचटाच्या कोपीत कुठला टीव्ही."

मी हसले. ती हसत नव्हती.

धारूरला परत येताना एस.टी.त डोळा लागला. घाटात गाडी वळली की सिंहासन हलायचं, वर कोणीच बसलेलं नाही...

२२ जून, रविवार
वार्षिक नियोजन करायला बसले. दुपार गेली, कागद कोरा.

दर वर्षी असंच. जूनपासून क्रमाने एक एक धडा. दिवाळीपर्यंत राज्याभिषेक येतो. सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा अर्धा वर्ग उसाच्या फडात. परत येतात तोवर परीक्षा संपत आलेली. पुढच्या वर्षी पुढची इयत्ता, दुसरं पुस्तक. म्हणजे या गावातल्या निम्म्या माणसांचा इतिहास राज्याभिषेकापाशी येऊन थांबलाय. सगळे दरबारात उभे. हातात फुलं तशीच.

पुढचं सगळं, संभाजीराजांचा काळ, राजा नसताना चाललेली लढाई, अटकेपर्यंतची धाव, पानिपत, शेवट... ते फक्त मागे राहिलेल्यांना.

ह्यांना सांगितलं. आंबा चोखत म्हणाले, "मग आधी शेवटचे धडे घे." सहज म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

खरंच, का नाही? पहिला भाग त्यांनी चौथीत वाचलेला असतो. पोवाड्यात असतो, घराघरात असतो. दिवाळीआधी जे शिकवायचं ते नंतरचं शिकवावं. शेवटच्या धड्यापासून मागे मागे यायचं. प्रत्येक तासाला एकच प्रश्न: हे असं का झालं, याच्या आधी काय होतं?

संध्याकाळी गच्चीत बसले. बालाघाटावर ऊन उतरत होतं. वाटलं, डोंगरापलीकडून घोडेस्वार येताहेत, पण पाठमोरे. निघाले होते तिकडे परत चाललेत.

२५ जून
हेडसरांना नियोजन दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"बाई, नांगर मागून चालवणार?"

"दिवाळीनंतर वर्गात कोण उरतं सर?"

हेडसरांनी पेन उघडलं. त्यांचं स्वतःचं लहानपण फडावर गेलंय, हे मला गणिताच्या शेख सरांनी एकदा सांगितलं होतं. ते स्वतः कधी बोलत नाहीत. सही केली. "इतिहासाचा पेपर तुमीच काढता. केंद्रप्रमुख आले तर उत्तर तुमीच द्यायचं."

८ जुलै
उजळणी संपली. नव्या क्रमाचा पहिला तास: राज्य गेलं. शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलं.

मग मागून एक जण, "बाई, शेवट आधीच सांगितल्यावर आता काय मजा?"

मी काही बोलणार तोच सारिका, "गेलं ते समजलं. कावून गेलं ते कुठं समजलंय?"

आजवर दोन वाक्यं बोलली नव्हती. आईसारखीच, खिडकीपाशी बसते. पण आईच्या डोळ्यांत झोप असायची. हिच्या डोळ्यांत पहारा आहे. दर थोड्या वेळाने बाहेर बघते. शेख सर म्हणाले, धाकट्या भावाची सवय. घरी तोच सांभाळायचा असतो, वर्गातही मान वळते.

३० जुलै
आठवीला स्वातंत्र्यलढा, सहावीला मोहेंजोदडो. दिवसभरात इतके काळ फिरते की मधल्या सुट्टीत डबा उघडला तरी क्षणभर कळत नाही, आपण कुठल्या शतकात जेवतोय. आज सहावीतल्या एकाने विचारलं, हडप्पातल्या लोकांना माहीत होतं का की ते हडप्पातले आहेत. दिवसभर तेच डोक्यात.

१९ ऑगस्ट
सातवीला पानिपत.

मी नेहमीसारखी सुरुवात केली: सैन्य उत्तरेला निघालं, बरोबर बायका, मुलं, बाजार, बैल, यात्रेकरू. थंडी. दाणावैरण संपत आलेली.

पोरं पुढे सरकून बसली. त्यांना हे सांगावं लागत नाही. बैल उपाशी राहिला की काय होतं ते त्यांना माहीत आहे. राहुटीत थंडी कुठून शिरते तेही. एक जण म्हणाला, "तोडीला टोळी गेलती म्हणा की, लई मोठी टोळी."

तास संपता संपता सारिका: "बाई, माणसं लढाईला गेल्यावर लेकरं कोण सांभाळत व्हतं?"

पुस्तकात नाही. मी कुठेच वाचलेलं नाही. तसं तिला सांगितलं.

"कोणीतरी सांभाळलंच असंल ना," म्हणाली आणि खाली बसली.

२० ऑगस्ट
पहाटे स्वप्न. धुकं, यमुनेचा काठ असावा. लढाईचा आवाज लांबून. इकडे एका राहुटीच्या दारात परकरातली पोर, कडेवर मूल. ती मूल झुलवते आणि माझ्याकडे बघून म्हणते, हळू बोला, आत्ताच निजलंय.

दिवसभर हळूच बोलले. हेडसरांनी विचारलं, घसा बसलाय का.

११ सप्टेंबर
केंद्रप्रमुख आले. टाचण उघडलं, मागची पानं पुढे, पुढची मागे. "हे काय?" मी कारण सांगितलं. पोरांना प्रश्न विचारले, पोरांनी उत्तरं दिली. त्यांनी शेऱ्यात काही लिहिलं नाही. जाताना एवढंच, "बघा बुवा."

हेडसरांनी हंगामी वसतिगृहाचा विषय काढला. ज्यांचे आईबाप तोडीला जातात त्यांनी इथेच राहायचं, जेवण शाळेत, झोपायला नातेवाईक नाहीतर शाळेची खोली. मुलगे राहतात. मुली राहत नाहीत. मी सारिकाचं नाव घेतलं. हेडसर म्हणाले, "घरी जाऊन बोला. आपल्या म्हणण्यानं होत नसतं."

५ ऑक्टोबर, रविवार
मंगलच्या वस्तीवर गेले. वाटेत दोन्ही बाजूंनी सीताफळांची झाडं, काही फळं डोळे उघडलेली. मंगल अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. गणू शेंगा परत ढिगात टाकत होता. मीही तोडायला बसले.

सारिकाला मागे ठेवायचं काढलं. तिने शेंगांचा पुढचा वेल ओढला.

"मला बी वाटतं बाई. पर आमी दोघं फडात. गणूला कोण बघणार? मागल्या साली तिनंच बघितला. अन् पोरगी आता मोठी व्हायला लागलीय. माघारी ठेवली अन् काय कमीजास्त झालं तर तिचे पप्पा मला बोलतील."

तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.

शेंगा संपत आल्या. ऊन कललं. मग तीच, "तुमी मला सांगितलंच न्हाई, राज्याभिषेकानंतरचं."

तिथेच सांगायला बसले. दक्षिणेची मोहीम. महाराज गेले. संभाजीराजे, त्यांचे हाल. मग राजधानी पडली. राजा लांब जिंजीला. इकडे शत्रू थेट आपल्या मुलखात, आणि तरी लढाई चालूच. गड जायचा, परत यायचा. मग एक राणी उभी राहिली. शेजारच्या बायका येऊन बसल्या. चुलीचा धूर सरळ वर जात होता. मला मधेच वाटलं, मी सांगत नाहीये, मी बघून आलेय आणि आता घरी परतून सांगतेय.

थांबले तेव्हा अंधारून आलं होतं. मंगल म्हणाली, "म्हंजी राजा जाग्यावर नव्हता, तरी लोकं लढत राहिली."

"हो."

"किती वर्षं?"

"लई वर्षं."

ती शेंगांची पाटी उचलून आत गेली. बाहेर आली ती सरळ बोलली. "सारिकाला ठेवते. त्यांना मी सांगते. गणूला बांधून घेईन पाठीला."

सारिका दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधला. सापडला नाही. गणूकडे बघत होती.

१४ ऑक्टोबर
दिवाळीच्या सुट्टीआधीचा तास. मागे मागे येत राज्याभिषेकापाशी पोचलो. ठरवलं होतं तसंच. इथून पुढे काय काय होणार हे सगळ्या वर्गाला माहीत, फक्त सिंहासनावर बसणाऱ्याला माहीत नाही. पोरं एकदम हळवी झाली. एक मुलगी म्हणाली, "बाई, त्यांना सांगू नका."

११ नोव्हेंबर
टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, पत्रे, शेळी, लेकरं. सातवीतली बरीच पोरं वर चढलेली. मला हात केला. माझ्या वर्गातली पोरं जाताहेत आणि त्यांना शेवटपर्यंतचं सगळं माहीत आहे, हे मनात येऊन बरं वाटलं. मग लाज वाटली बरं वाटल्याची. जातात ती जातातच.

सारिकाचे वडील, विष्णू, माझ्याशी बोलले नाहीत. हेडसरांना म्हणाले, "तुमच्या भरवशावर." मंगलने गणूला चादरीने पाठीला बांधलं होतं. सारिका ट्रॉलीच्या मागे थोडी चालली, मग थांबली. गणू आधी हसत होता. ट्रॉली वळणावर गेली तेव्हा त्याचा आवाज आला.

ती रोज तिच्या काकूकडे झोपणार, जेवण शाळेत.

२६ नोव्हेंबर
वर्ग मोकळा मोकळा. आता सुरुवातीचे धडे, पुस्तकाच्या क्रमाने. सारिका पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत नाही. वाचते. मधल्या सुट्टीत तिला पानिपतावर काहीतरी लिहिताना पाहिलं. विचारलं नाही, दाखवेल तेव्हा दाखवेल. हिवाळ्याचं ऊन बाकांवर तिरकं. शिकवता शिकवता माझीच वाक्यं मला लांबून ऐकू येतात.

१५ डिसेंबर
मंगलचा फोन, कोल्हापूरकडून. मागे गाडीवाल्यांचा आरडाओरडा. पाठीवर गणू राहत नाही, ऊस तोडताना कोयत्याचं पातं लागायची भीती. म्हणून बांधावर बसवला. परवा उठून उसात गेला. उशिरा सापडला. झोपलेला, अंगावर ओरखडे. बाकी काही नाही.

"मला काय सुचत न्हाई बाई. तिचे पप्पा म्हणतेत पोरीला आणतो. मी न्हाई म्हणले न्हाई."

"तुला काय वाटतं?"

"दोन्ही लेकरं माझीच हायत."

सारिकाला सांगितलं. तिने गणूला कुठे कुठे लागलंय ते विचारलं. एवढंच.

हेडसर म्हणाले, कारखान्याच्या जवळ लहान मुलांसाठी काही सोय आहे का बघतो, कुणाला तरी फोन लावतो. दोनदा लावला. उचलला नाही.

१८ डिसेंबर
आज विष्णू आले. मी सातवीवर होते. दारात उभे, पायांत फडातली माती, डोळे तांबारलेले. रात्रभर प्रवास. सारिका उठून उभी राहिली. मी म्हटलं, तास संपू द्या, बसा. ते मागच्या रिकाम्या बाकावर बसले, गुडघे बाकात मावेनात.

धडा: महाराजांच्या आधीचा महाराष्ट्र. गाव, पाटील, बलुतं, आणि दुष्काळ. शिकवायचं नव्हतं आज मला हे. पण तोच होता पुढचा. पाऊस नाही, पिकं नाहीत, माणसं गुरं घेऊन गाव सोडून निघाली, गावं ओस पडली.

मागून आवाज आला. "म्याडम, तवा बी जात व्हते?"

"जात होते."

"माघारी आले का?"

पोरं मागे वळून बघू लागली. त्यांना वर्गात मोठं माणूस प्रश्न विचारताना पाहायची सवय नाही.

"काही आले. आल्यावर त्यांनी पडीक रानं परत वहितीला आणली. ते पुढच्या धड्यात आहे."

विष्णूंनी मान हलवली. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही, मग मीही बोलत राहिले. गावं कशी परत वसली ते सांगितलं. सारिकाने पुस्तकात बोट ठेवलं होतं, ओळीवरून ते हलत नव्हतं.

नंतर व्हरांड्यात हेडसरांनी चहा दिला. विष्णू कप हातात धरून बसले. त्यांनीच विचारलं, "ही हुशार हाय का?" मी म्हटलं, "विचार करते." पुन्हा मान हलवली. म्हणाले, गणू रात्री झोपेत तिला हाका मारतो.

मुक्काम भावाकडे. बापलेक पायवाटेने निघाले, पुढे ते, मागे ती, मध्ये बरंच अंतर. मग ते थांबले, ती पोचेपर्यंत.

जाताना म्हणाले होते, "सकाळची गाडी हाय. बघू."

एक तिकीट की दोन, मी विचारलं नाही. उद्याच्या धड्याचं टाचण काढून ठेवलंय.