आधी शाखा, मग आडनाव

ती. ताईस,

नमस्कार साष्टांगच घालणार होतो, पण तुझ्यावर रागावलोय, म्हणून या वेळी उभ्याउभ्याच घालतो. तुझी कंबर आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? (माझी तब्येत विचारू नकोस. नुसता जळफळाट होतोय, आणि त्यावर औषध मिळत नाही.)

कारण तुझी धाकटी नणंद. तुझ्या शब्दाखातर मीच तिला आमच्या कुरियर कंपनीत चिकटवली आणि आता ती माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटतेय. पार्सल शोधायचा प्रोग्रॅम माझा. त्यात आडनाव, तारीख आणि शाखा या तीन रकान्यांचा मिळून मी एक इंडेक्स केला होता (पुस्तकामागे सूची असते ना, तसा). पण काउंटरवरच्या मुली शोधायच्या शाखा आणि तारखेवरून. आडनाव कुणी टाकतच नसे. आणि पहिला रकाना रिकामा राहिला की मागच्यांना कुणी विचारत नाही, मशीन बिचारं अख्खा ढीग उपसत बसतं. गिऱ्हाइकं जांभया द्यायची. हिने येऊन केलं काय? शाखा पुढे आणली, आडनाव मागे ढकललं. बस्स! बटणावरचं बोट उचलायच्या आत पार्सल हजर. साहेब तिला लाडाने ‘मिलिसेकंद’ म्हणतात. मला इतक्या वर्षांत ‘अहो, जरा’ याखेरीज हाक नाही. टीम लीडची खुर्ची रिकामी आहे, ती मला हवीय, आणि साहेब बघतात हिच्याकडे.

मग मीही इरेला पेटलो. पार्सलचे नंबर लांबलचक, म्हणून त्यांच्या फक्त पहिल्या चार अक्षरांचा इंडेक्स केला. जागा कमी, वेग जास्त, असं सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं. पण आमच्या प्रत्येक नंबरची पहिली चार अक्षरं म्हणजे कंपनीचं नाव, हे साफ विसरलो. (ती कल्पनाही माझीच.) कुठलाही नंबर टाका, मशीनला सगळी पार्सलं सारखीच. रांग रस्त्यापर्यंत गेली. हिने मुकाट्याने चाराची बारा अक्षरं केली आणि साहेबांना सांगितलं, "दादांनीच दुरुस्त केलं." आता सांग, असल्या माणसाचा धड द्वेष तरी कसा करायचा?

तुझा होरपळलेला,
धाकटा

ता. क. : तिला तुझ्या बाजूला कुठे नोकरी बघ, एवढंच लिहायला बसलो होतो.

पुन्हा ता. क. : आत्ताच कळलं, तिला खरंच दुसरीकडून बोलावणं आलंय. तू तिची वहिनी, तुझं ती ऐकते, तेव्हा तिला थांबव. खुर्ची तिलाच मिळू दे. जळायलासुद्धा ती समोर हवी ना! मी दुसऱ्या नंबरवर बसेन; पण पहिला रकानाच रिकामा झाला, तर मला कोण विचारणार?