सुमनच्या खुर्चीभोवती जाळी

३ मार्च
आज पुन्हा सुमनला म्हटलं, अंगणात चल. तळमजल्याचं एवढंसं अंगण, डोंबिवलीत घर घेताना तिनेच हट्ट धरलेला. नुसती मान हलवली. झटक्यानंतर तोंड डावीकडे ओढलंय, तेव्हापासून उंबऱ्याबाहेर नाही. म्हणते, समोरच्या बिल्डिंगीतून सगळे बघतात, जाळी करा, मग येते.
डॉ. म्हणतात मोकळ्यावर बसवा. करू जाळी. आभाळ थोडं कमी होईल, तर होवो.

५ मार्च
मानपाड्याचा फॅब्रिकेटर आलेला. लोखंडी पट्ट्यांची, तिरप्या चौकटींची ठरवली. वर जाई सोडायची. शाळेत जाईच्या मांडवाची एक कविता होती. चाल आठवते, शब्द गेले. तीच गुणगुणत माप धरलं. सुमन आतून, "आधी जाळी होऊ दे, मग मांडव." जीभ जड, टोमणा शाबूत. बरं वाटलं.

९ मार्च
जाळी लागली. पुरुषभर उंच. दुपारी फरशीवर उन्हाचे तुकडे, वृत्तातल्या लघु-गुरूच्या खुणा मांडल्यासारखे. वाचत बसलो.
सुमन दारापर्यंत आली. वर बघितलं. आत गेली.
बघणारे वरच्या मजल्यांवर, आणि मी जाळी लावली समोर. माप देताना मान वर करायचं सुचलंच नाही. आणि मी म्हणे आभाळाचा शौकीन.

१० मार्च
वरून किती दिसतं ते बघायला समोर दुसऱ्या मजल्यावर मालूताईंकडे गेलो. त्यांची न् सुमनची जुनी पद्धत: सकाळी मालूताईंनी गॅलरीतून आजची भाजी उंच धरायची, सुमनने अंगणातून आपली. बोलायचं नाही, नुसतं दाखवायचं. सारखीच निघाली की दोघी खूश.
खाली वाकून पाहिलं. खुर्ची, चपला, सगळं स्वच्छ दिसतं. म्हटलं, वरूनही झाकून घेतो.
मालूताईंनी निवडायची गवार बाजूला सारून चहा पुढे केला. म्हणाल्या, "भाऊजी, मी अजून दाखवते हो भाजी. रोज. त्या खुर्चीला."
चहा तसाच राहिला.

११ मार्च
सांगावं की नको, सकाळभर घोळवलं. दुपारी सांगून टाकलं. सुमनने विचारलं,
"काल काय होतं?"
"गवार."
"गवार नाही जमत तिला. कडू करते." पदराने तोंड पुसलं, मग भिंतीकडे वळली.

१२ मार्च
फॅब्रिकेटरचा फोन. वरच्या पट्ट्या तयार आहेत, उद्या येऊ का, पूर्ण बंद करायचं ना? सुमनकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती. कळवतो म्हटलं.
संध्याकाळी बाजारात निघताना विचारलं, काय आणू.
"पडवळ."
आम्हा दोघांनाही आवडत नाही पडवळ. पण लांबलचक असतं, दुसऱ्या मजल्यावरूनही ओळखू येईल.
आणलंय. चिरायला घेऊ का विचारलं, तर नको म्हणाली. अंगणाच्या दाराशी ठेवून दिलंय.