चमनभाईंच्या फेट्यातले सोंडे

शाहूपुरी, करवीर इलाखा

राजमान्य राजश्री आकारामदादा यांसी शाहूपुरीहून बादशहा घड्याळजीचा सलाम आणि रामराम. वहिनींचा गुडघा कसा आहे? म्हैस दुधावर आली का? इकडे आम्ही खुशाल, तुम्ही धाडलेल्या तांदळातले किडे तर आमच्याहून खुशाल. फक्त आमच्या लेकीची, मेहमुदाची, तुम्ही सुचवलेली सोयरीक तेवढी टांगणीला लागली आहे. ते कसं झालं ते सांगतो, पण आधी किडा.

दादा, तुम्ही जन्मभर शेती केली, पण सोंडा कधी भिंगातून पाहिलात का? मी पाहिला. (गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच पडली आहेत, तो विषय नको.) अंग काळपट तपकिरी, पाठीवर तांबूस असे चार ठिपके आणि तोंडापुढे चक्क सोंड! बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो, आणि आपण वळलो की चालू पडतो. मादी त्या सोंडेनं दाण्याला भोक पाडते, फिरून त्यात अंडं घालते आणि वरून असं लिंपते की भोक शोधून सापडत नाही. मी दाणे पात्यानं चिरून पाहिले. आत पांढरी अळी, दाणा हेच तिचं घर आणि तेच जेवण! म्हणजे आपण पोत्यात कडुलिंबाचा पाला घालून निर्धास्त बसतो, तेव्हा ही आत दार लावून वाढत असते. अल्लाची शपथ, माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा जिवाला हे शिकवलं कुणी?

बायको, हाफिजा, रोज ओरडत होती, की तांदूळ चाळा, ऊन द्या, पावणं यायचं हाईत. मी आज-उद्या करत राहिलो (चाळले असते तर पाहिलं काय असतं?), आणि शेवटी पाहुणे मुलगी बघायला यायच्याच दिवशी अंगणात घोंगडं पसरून त्यावर तांदूळ ओतले. ऊन लागताच सोंडे सावली शोधत निघाले. काय ती शिस्त! मी भिंग लावून मागोमाग रांगत होतो, इतक्यात तुमच्या गावचे चमनभाई मुलाला, इकबालला, घेऊन दारात हजर. मी तसाच रांगत सलाम केला. चमनभाईंनी नमाजाआधी वजूला, हातपाय-तोंड धुवायला, फेटा उतरवून कट्ट्यावर ठेवला, आणि कट्ट्यावर सावली म्हणाल तर त्या फेट्याच्या घड्यांतच होती. सोंड्यांचा तरी काय दोष?

नमाज झाली, दस्तरखानावर पुलाव आला. दोन घास खाल्ले नाहीत तोच चमनभाई मान झाडू लागले. "आरं, डोस्क्यात काय तरी फिरतंय की!" म्हणत त्यांनी फेटा काढून झटकला, तो नेमका पुलावावर. सगळे सोंडे उताणे पडले. मला वाटलं, पाहुण्यांना धीर द्यावा. म्हटलं, "घाबरू नगासा, मेलं न्हाईत, सोंग हाय. जरा थांबा, चालत्यात बघा." आणि ते चालले. मग मी भिंग त्यांच्या डोळ्याला लावायला गेलो, तर ते फेटा काखेत मारून उपाशीच निघून गेले. इकबाल तेवढा पोट धरून हसत होता. बापानं दंडाला धरून नेला, तरी वेशीपर्यंत हसूच ऐकू येत होतं.

वहिनींना सलाम, लेकरांना दुवा.

आपला,
बादशहा

ता. क. चमनभाई तुमचा शब्द मोडत नाहीत. त्यांना एवढंच सांगा, की पोतं तुमच्या कोडोलीहूनच किडकं निघालं होतं, बादशहा बिचारा किडे हाकलायला धडपडत होता. तुमचं नाव थोडं खराब होईल, पण तुम्हाला काही मुलगी द्यायची नाही.

दुसरा ता. क. मी हाफिजाला म्हटलं, दुसरं स्थळ बघू. तर मेहमुदा पडद्याआडून म्हणाली, "मला ह्योच पायजे. आपल्या बाच्या फेट्यातनं किडं पडल्यावर जो हसतो, त्योच माझ्या अब्बाला सोसंल." दादा, पत्र पोचताच उठा आणि चमनभाईंकडे जा.