दादाच्या जुन्या संगणकावर

नागाव,
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. यंदा नारळ बरे लागलेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती बसेल तर शपथ. तुझा प्रबंध कुठवर आला? जर्मनीत अजून बर्फ असेल ना?

तुझा जुना संगणक मी सुरू केला. रागावू नकोस. लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मला त्यावर हवं होतं. शाळेच्या लॅपटॉपवरचं तयार आणून टाकलं, तर चालेचना. तुझ्या संगणकाला चालवणारी प्रणाली, ती युनिक्स, वेगळीच. मग तू ठेवून गेलेला पॅकेज मॅनेजर आठवला. "कुठलीही युनिक्स असू दे, हा तिथं हवं ते सॉफ्टवेअर बांधून देतो," असं तू सांगायचास, आणि मी नुसती मान डोलवायचे.

एक कमांड दिली. दादा, मी बघतच राहिले! त्याने मूळ कोड आणला. त्याला दुसरं काही लागत होतं, त्या दुसऱ्याला तिसरं. एकेक शोधून, तपासून, आधी ते बांधलं, मग हे. एका जागी अडलं. आलेला एरर मी तो पॅकेज मॅनेजर बनवणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर टाकला. दुसऱ्या दिवशी फिनलंडच्या कुणा बाईंचं उत्तर: अमुक ओळ बदला. बदलली, आणि काम पुढे सरकलं. त्या बाईंनी नागावचं नावही ऐकलं नसेल. आपल्याला कधीही न भेटणाऱ्या किती जणांनी हे सगळं लिहून ठेवलंय, या विचाराने अंगावर काटा आला.

बाबा शेजारी बसून पडद्यावरच्या ओळी पाहत होते.

आता सांगतेच. फोनवर तू "बाबांना दे" म्हणतोस, आणि मी ते विहारात गेलेत, आंघोळीला गेलेत म्हणते. दिवाळीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गाठ गेली, तब्येत सुधारतेय, पण आवाज गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, "प्रबंध होईपर्यंत निकेतला कळवू नका." विहारात वंदना ज्यांच्या आवाजाने सुरू व्हायची, ते आता मागे बसून नुसते ओठ हलवतात.

सगळं बांधून झालं तसा मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एका बोटाने टाइप केलं. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज घरभर घुमला, "कमळ, इकडे ये."

आई ओल्या हातांनीच धावत आली. "कोण हाक मारतंय मला?"

बाबांनी पुन्हा कळ दाबली. "कमळ."

आई तिथंच खाली बसली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "हाय, हितंच हाय मी. बोला."

आणि संध्याकाळपर्यंत बाबा बोलत राहिले.

हे पत्र त्यांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, हो, म्हणालेच, "लिही त्याला."

रविवारी फोन कर. आवाज अनोळखी वाटेल, दोन शब्दांमध्ये बराच वेळ जाईल. लाइन गेली समजून फोन ठेवू नकोस. थांब.

तुझ्यापासून आता काही न लपवणारी,
रुचिता